‘ईंट लाव’

सुरतेजवळच्या इच्छापोरला एका बांधकामावर बुलढाण्याकडचा एक नवखा गडी पहिल्या दिवशी हजर होतो. मुकादम गुजराती. तो विटांच्या थप्पीकडे हात करतो आणि म्हणतो, ‘‘ईंट लाव.’’ ईंट म्हणजे वीट, हे हिंदीमुळे ठाऊक आहे. ‘लाव’ तर आपलाच शब्द. गडी दोन विटा उचलतो, भिंतीशी जातो आणि त्या मसाल्यावर ठेवायला वाकतो. मराठीत वीट ‘लाव’ म्हटल्यावर माणूस ती भिंतीलाच लावणार ना! गवंडी त्याचा हात धरतो. ‘‘अरे, मने आप.’’ मला दे. विटा त्याच्या हातातून गवंड्याच्या हातात जातात आणि एवढ्याशा हालचालीत गड्याला कळतं, की गुजरातीतलं ‘लाव’ म्हणजे आपलं ‘आण’. शिवाय ‘मने आप’ हेही कळलं, कारण ते ऐकतानाच त्याने दिलं होतं.

हा धडा अर्ध्या मिनिटाचा. वही नाही, फळा नाही, भाषांतर नाही. तरी जन्मभर विसरणार नाही.

या प्रकरणात मला बोलायचं आहे ते या अर्ध्या मिनिटाबद्दल. त्यात नेमकं काय घडलं, आणि आपल्या भाषावर्गांत वर्षानुवर्षं ते का घडत नाही? इंग्रजी सात-आठ वर्षं शिकलेला मुलगा बँकेच्या खिडकीशी गप्प उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला शाळेत न गेलेला गडी तीन महिन्यांत गुजरातीत उचल मागतो. गड्याच्या बुद्धीला शाबासकी देऊन किंवा मुलाच्या आळसाला बोल लावून हा प्रश्न सुटत नाही. फरक आहे तो भाषा कशासाठी हाताशी आली याचा.

आधी एका शब्दाचा खुलासा. परदेशी भाषा, दुसरी भाषा, शेजारची भाषा अशा भाषाशिक्षकांच्या वर्गवाऱ्या असतात. मराठीत मात्र ‘परभाषा’ हा एकच सुटसुटीत शब्द आहे आणि त्यात गुजराती बसते तशी जर्मनही बसते. बुलढाण्याच्या गड्याला गुजराती परभाषाच. खानदेशातून येणाऱ्याला ती तेवढी परकी वाटत नाही, कारण त्याची अहिराणी आधीच गुजरातीच्या दारात उभी असते. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशी माणूस इतका रुळला आहे त्याचं एक कारण हेही असावं. त्या शहराला अनेक भाषांची इतकी सवय आहे, की तिथली महापालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते.

आता बांधकामावर परत येऊ. गड्याच्या डोक्यावर घमेलं आहे. मुकादम त्याला ‘तगारुं’ म्हणतो. गड्याला वाटतं, घमेलं हा आपला अस्सल मराठी शब्द. तो पोर्तुगीज आहे : ‘गामेला’. शनिवारी हातात पडायचा तो ‘पगार’ही पोर्तुगीज, आणि तो मराठीत आहे तसाच गुजरातीतही आहे. खोलीच्या कुलपाची चावी, पाण्याची बादली, पिंप, इस्त्री, फीत, पाव, बटाटा, सगळे त्याच वाटेने आले. या यादीकडे जरा थांबून पाहावं. जवळजवळ सगळी नामं, आणि बहुतेक हातात धरायच्या, विकायच्या, खायच्या वस्तू. धर्मांतरासाठी पाद्र्यांनी मोठमोठे ग्रंथ रचले, पण सामान्य मराठी माणसाच्या तोंडी राहिलं ते बंदरावर आणि बाजारात ज्याची देवघेव झाली तेवढंच. कोणी कोणाला पोर्तुगीज शिकवली नव्हती. पिंप उतरवायचं होतं, म्हणून ‘पिंप’ आलं.

हे आठवायला इच्छापोरइतकी योग्य जागा नाही. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. हिरे-दागिन्यांची औद्योगिक वसाहत इथलीच. पुढे कवासचं वीजकेंद्र, कृभकोचा खतकारखाना, ओएनजीसीचा वायूप्रकल्प, हजिऱ्याचं बंदर. त्याच बाजूला, समुद्राच्या अंगाला, सुवाली. आज तिथे सुरतकर रविवारी किनाऱ्यावर फिरायला जातात. सतराव्या शतकात तापीच्या मुखातल्या गाळामुळे मोठी जहाजं सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत, ती सुवालीच्या खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल, माणसं तिथून पुढे जात. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी लढाई झाली ती याच पाण्यात. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या सगळ्या उलाढालीचा उंबरठा हा.

त्या उंबरठ्यावर जवळजवळ एकाच दशकात तीन इंग्रज उतरले किंवा वावरले. परभाषेपुढे माणसं तीन तऱ्हांनी कशी उभी राहतात, हे त्यांच्याकडून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिसलेलं नाही.

पहिला विल्यम हॉकिन्स. १६०८ च्या ऑगस्टमध्ये तो ‘हेक्टर’ जहाजाने सुरतेला आला आणि पुढच्या वर्षी आग्र्याला जहांगीरसमोर उभा राहिला. सोबत इंग्लंडच्या राजाचं पत्र होतं, ते बादशहासमोर एका जेझुइट पाद्र्याने वाचलं. पाद्री पोर्तुगीजांच्या बाजूचे, इंग्रजांचे हितशत्रू; त्यांनी पत्राचं काय केलं असतं कोण जाणे. पण हॉकिन्सला तुर्की येत होती, आणि जहांगीरलाही ती पूर्वजांची भाषा येत होती. बादशहाने त्याला आतल्या दालनात बोलावलं आणि मध्यस्थाशिवाय बोलणं सुरू झालं. ना हॉकिन्सची भाषा ना दरबाराची, तुर्की ही तिसरीच भाषा. तरी तिच्यात काम भागत होतं. त्याला चारशे स्वारांची मनसब मिळाली, दरबारात तो ‘इंग्लिश खान’ म्हणून ओळखला जाऊ लागला. व्यापाराच्या सवलती शेवटी त्याच्या हाती लागल्या नाहीत हा भाग वेगळा. पण आत जाण्याचं दार भाषेने उघडलं.

दुसरा सर टॉमस रो. सप्टेंबर १६१५ मध्ये तो राजदूत म्हणून सुवालीला उतरला. विद्वान, ऐटदार, आपल्या राजाच्या मानाबद्दल अतिशय जागरूक. त्याला ना फारसी येत होती ना तुर्की. दरबारात बोलायचं ते दुभाष्याच्या तोंडून. रोच्या लिखाणात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते : मी जे कडक शब्दांत म्हणतो ते हा माणूस तसं सांगत नाही. आणि दुभाष्याने तसं का सांगावं? राजदूत उद्या जहाजात बसून निघून जाणार, दुभाष्याला याच अंमलदारांच्या राज्यात राहायचं आहे. ते शब्द बादशहाच्या तोंडावर त्याच्या जिभेने जाणार होते. भाषांतर म्हणजे शब्दांची अदलाबदल, असं मानणाऱ्याने रोची ही अडचण लक्षात ठेवावी. बोलणाऱ्याचं कोणाशी काय नातं आहे, बोलण्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे वाक्याच्या आतच असतं.

तिसरा टॉमस कोर्याट, आणि मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. ना व्यापारी ना राजदूत, नुसता भटक्या. पश्चिम आशियातून बहुतेक वाट पायी तुडवत तो अजमेरला पोहोचला. वाटेत तुर्की, अरबी, फारसी शिकत आला. गरज तशीच होती, रात्री निवारा आणि पोटाला भाकर मागायची होती. १६१६ मध्ये त्याने जहांगीरच्या झरोक्याखाली उभं राहून फारसीत भाषण केलं आणि बादशहाने वरून शंभर रुपये टाकले. रो संतापला, इंग्लंडच्या माणसाने भीक मागितली म्हणून. कोर्याटला त्याचं काही वाटलं नाही.

पण झरोक्याखालचं भाषण हे घोकून केलेलं काम होतं. त्याची खरी परीक्षा दुसरीकडे झाली. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने ती लिहून ठेवली आहे. राजदूताच्या घरी एक कपडे धुणारी बाई होती. तिची जीभ अशी की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ती भांडू शके. एक दिवस कोर्याटने तिला तिच्याच भाषेत, म्हणजे हिंदुस्थानीत, गाठलं आणि सकाळच्या आठ वाजेपर्यंत तिला असं निरुत्तर केलं की तिच्याकडे बोलायला शब्द उरला नाही.

टेरीने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. मला ती भाषाशिक्षणातली फार मोठी नोंद वाटते. भांडण ही परभाषेची सगळ्यांत अवघड परीक्षा आहे. तिथे वाक्य मनात जुळवायला सवड मिळत नाही. समोरच्याचं बोलणं तोडून आपलं घुसवावं लागतं, त्याच्याच शब्दाने त्याला पकडावं लागतं, आवाज कुठे चढवायचा आणि कुठे नुसतं हसायचं हे कळावं लागतं. भाषणातली फारसी दरबारापुरती होती, ही हिंदुस्थानी नोकरांच्या अंगणातली. ती शिकवणाऱ्यांत त्या बाईचाही वाटा असणारच. कोर्याट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत वारला.

मग शाळा आल्या, आणि वाट बदलली.

इथेही सुरतच मध्ये येते. मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांना ओळखतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापून झालं होतं. सुरतेत दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा उभी केली. मराठी माणूस, गुजराती गाव, शिकवायची भाषा इंग्रजी आणि सभेत चर्चा जातिभेदावर. भाषा कशासाठी असते हे दादोबांना कोणी सांगायला नको होतं.

पुढे ‘तर्खडकर’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी गेलं ते याच आडनावाच्या दुसऱ्या लेखकाच्या भाषांतर पाठमालेमुळे. आपल्या आजोबा-पणजोबांनी इंग्रजी शिकली ती या पाठमालेतून : नियम, शब्दांची यादी, मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. आज ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणताना लोक नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं पटत नाही. तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्याला जायचं कुठे होतं? मामलेदार कचेरीत, कोर्टात, रेल्वेच्या ऑफिसात. तिथे रोजचं काम काय? मराठी अर्जाचं इंग्रजी करणं, साहेबाच्या हुकमाचं मराठी करणं. भाषांतर हाच त्याचा खरा उद्योग, पुढे पगार त्याचाच मिळणार. म्हणजे त्या पाठमालेत वर्ग आणि व्यवहार एकमेकांना चिकटलेले होते. चूक नंतर झाली. कचेरीतलं ते काम संपलं, इंग्रजी बोलायची, ऐकायची, फोनवर समजून घ्यायची झाली, आणि वर्ग मात्र भाषांतर करत राहिला. हेतू निघून गेला आणि पद्धत मागे उरली. माझ्या शाळेत आम्ही कर्तरीचं कर्मणी करत होतो. कोणत्या प्रसंगी कोण कशासाठी कर्मणी बोलतो, हे कोणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही.

हा हेतू परत आणायचा, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला भाषाशिक्षणातला मोठा उद्योग. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी म्हटलं, की भाषा येणं म्हणजे शुद्ध वाक्य बनवता येणं एवढंच नव्हे. कुठे, कोणाशी, केव्हा काय बोलावं आणि केव्हा गप्प राहावं हेही त्या येण्यातच मोजलं पाहिजे. त्याला त्यांनी नाव दिलं ते मराठीत ‘संवादक्षमता’ असं म्हणता येईल. त्याच सुमारास युरोपात कामासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाणारे लोक वाढत होते. १९७१ पासून युरोप परिषदेने तज्ज्ञ बसवले. प्रौढ माणसाला परक्या देशात निभावून नेण्यासाठी किमान काय काय करता आलं पाहिजे, याची त्यांनी यादी करायला घेतली. या यादीतली कलमं वेगळ्या जातीची होती : नकार देणं, वाट विचारणं, माफी मागणं, वस्तू परत करणं. डेव्हिड विल्किन्स यांनी याला शास्त्रीय बैठक दिली, १९७५ मध्ये व्हान एक यांनी इंग्रजीसाठी ‘उंबरठा पातळी’ आखली. आज जर्मनच्या वर्गाला जाणारी आपली मुलं ‘ए वन झालं, बी वन चालू आहे’ म्हणतात, त्या पायऱ्या २००१ च्या युरोपीय चौकटीतल्या, आणि तिचं मूळ या कामात आहे.

ही युरोपातली गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या पुढचं एक पाऊल मात्र आपल्याकडे, दक्षिणेत पडलं, आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही याचं मला वाईट वाटतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग चालवला. वर्ग मोठे, बाकं मोडकी, मुलांच्या घरी इंग्रजीचा गंध नाही. प्रभूंनी व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला, आणि नुसती संभाषणं पाठ करून घेण्याचा मार्गही घेतला नाही. रोज एक कोडं द्यायचं. रेल्वेचं वेळापत्रक, गावाचा नकाशा, महिन्याचं कॅलेंडर, खर्चाचा हिशेब. आधी शिक्षक एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने सोडवणार, इंग्रजीत प्रश्न विचारत विचारत. मग त्याच धर्तीचं दुसरं प्रत्येकाने एकट्याने सोडवायचं. गुण कशाला? उत्तर बरोबर आलं का याला. वाक्य शुद्ध आहे का याला नाही.

हा वर्ग डोळ्यांसमोर आणण्यासाठी तो आपल्या गाडीवर बसवून पाहू. उधना-जळगाव मार्गाचं वेळापत्रक फळ्यावर आहे. नंदुरबारला दुपारी एकच्या आत पोहोचायचं आहे, पण घरातून आठच्या आधी निघता येत नाही, आणि सोबतच्या आजीला गाडी बदलायला लावायची नाही. कोणती गाडी? मुलगा एकेक ओळ वाचतो. ही सुटते सातला, नाही चालणार. ही पोहोचते दीडला, नाही. ही नंदुरबारला थांबतच नाही. तो ‘आधी’, ‘नंतर’, ‘पर्यंत’, ‘जर-तर’ या सगळ्यांतून इंग्रजीत जातो, आणि आपण व्याकरण करतो आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. त्याचं डोकं आजीच्या गाडीत आहे. प्रभूंचं म्हणणं एवढंच होतं, की मन अर्थात गुंतलं की रचना मागच्या दाराने आत येते. त्यांच्या प्रकल्पाची बाहेरच्या अभ्यासकांनी चाचणी घेतली, तिचे निकाल प्रकल्पाच्या बाजूने झुकणारे होते पण निर्विवाद नव्हते. तरी आज जगभर ‘कार्याधारित’ भाषाशिक्षण म्हणून जे चालतं, त्याच्या पायात बंगळूरची वीट आहे.

बांधकामावरच्या गड्याकडे आता पुन्हा पाहा. त्याच्या अर्ध्या मिनिटात हे सगळं होतं. काम खरं होतं. चूक झाली हे त्याला शिक्षकाच्या लाल शाईतून कळलं नाही, विटा चुकीच्या जागी गेल्यामुळे कळलं. कामानेच ती दुरुस्त केली. आणि गवंड्याने ‘मने आप’ म्हटलं ते व्याकरण समजावण्यासाठी नव्हे, त्याला विटा हव्या होत्या.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती खोटी ठरेल. कामातून शिकलेल्या भाषेला एक मर्यादा असते आणि ती फार क्रूर असते. १९८० च्या दशकात युरोपातल्या पाच देशांत स्थलांतरित प्रौढांचा काही वर्षं पाठलाग करून एक मोठा अभ्यास झाला. वुल्फगांग क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांनी त्यातून दाखवलं, की ही माणसं स्वतःची एक नेटकी, आटोपशीर भाषा बनवतात : नामं, उघडीबोडकी क्रियापदं, ‘काल’, ‘उद्या’, ‘संपलं’ असे शब्द. काम चालतं. आणि काम चालतं म्हणूनच अनेकांची भाषा तिथे गोठते. पुढे ढकलणारं काही उरत नाही.

आपल्या गड्याचंही तेच होतं. ‘पगार क्यारे?’, म्हणजे पगार कधी, हे त्याला येतं. ‘काल नहीं आवुं’, म्हणजे उद्या येणार नाही, हेही येतं. पण रजा का हवी हे पटवून द्यायचं असेल, म्हणजे आई आजारी आहे, गेल्या वेळी रजा घेतली नव्हती, परत आल्यावर दोन दिवस जास्त भरीन, तर त्या तीन महिन्यांच्या गुजरातीत ते बसत नाही. कारणं, अटी, आश्वासनं यांना व्याकरण लागतं. मचाणाचा पट्टा का बांधायचा याची भिंतीवर चिकटवलेली सूचना तर त्याला वाचताच येत नाही, लिपी वेगळी. म्हणून ‘माणूस आपोआप शिकतो, शिकवायची गरज काय’ हे म्हणणं मला निष्काळजी वाटतं. आपोआप शिकणं त्याला मजूर म्हणून पुरतं. मुकादम व्हायचं तर कोणीतरी त्याच्यासमोर आणखी मोठं काम ठेवावं लागतं. व्याकरणाची खरी जागा ती. रजेचा अर्ज मागे फिरला की ‘जर-तर’ कसं जोडायचं ते त्याला तहानेने हवं असतं.

आणखी एक गोष्ट कामातून आपोआप कळत नाही : आपलं बोलणं समोरच्याला कसं लागतं. जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकातला लंडनचा एक किस्सा नोंदवला आहे. मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी-उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढपाच्या कामाला होत्या. मांसावर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द सूर वर नेत म्हणे. आपल्याकडच्या बायका तोच शब्द सूर खाली आणून म्हणत, कारण आपल्या भाषांत तसा सूर उद्धट नाही. ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटे, ही बाई ‘रस्सा आहे, घे’ असं फेकून बोलते आहे. दोन्ही बाजूंना राग. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, आणि तरी रोज अपमान. आवाजाच्या फिती ऐकवून हा फरक उघड केला तेव्हा त्या बायकांना इतक्या दिवसांच्या तिरक्या नजरांचा उलगडा झाला.

याच गंपर्झनी त्याआधी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास केला होता. १९७१ मध्ये छापलेला त्यांचा निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत वाचतात. कुपवाडला कन्नड बोलणारे जैन, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी आणि तेलुगू बोलणारे लोक पिढ्यानपिढ्या शेजारी. प्रत्येकाने घरची भाषा जपली, पण शेताच्या बांधावर आणि बाजारात रोज इतकी देवघेव झाली की या भाषांच्या वाक्यरचना एकमेकींच्या मापाच्या झाल्या. एका भाषेतलं वाक्य शब्दागणिक दुसरीत ठेवलं तरी बसतं. शेकडो वर्षांच्या गरजेने भाषांचे सांगाडेच वळवले. आणि लंडनच्या विमानतळावर एका शब्दाच्या सुराने माणसं दुरावली. एकाच अभ्यासकाच्या दोन टिपणांत हे दोन्ही आहे.

हा सगळा विचार आज महाराष्ट्रात पुस्तकी राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिकडे मनुष्यबळ कमी, इकडे तरुण हात. दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचं उद्दिष्ट ठरलं. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री. त्या सगळ्यांना आधी जर्मन शिकावी लागणार. कशी शिकवणार, हा प्रश्न मला त्या कराराच्या बातमीपेक्षा मोठा वाटतो. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं आणि चार विभक्ती आहेत. मराठी मुलांना तीन लिंगांची सवय आहेच, तेव्हा कोष्टकं पाठ करून घेण्याचा मोह मोठा. परीक्षा कदाचित तशी सुटेलही.

पण परिचारिकेचा एक तास असा घेता येईल. दोघी समोरासमोर. एकीच्या हातात चिठ्ठी : तुझं दुखतं कुठे, कधीपासून, कसं. ती चिठ्ठी दुसरीला दाखवायची नाही. दुसरीच्या हातात रुग्णाचा कोरा तक्ता, तो दहा मिनिटांत जर्मनमध्ये विचारून भरायचा. मराठी मुलीकडे दुखण्याचे शब्द भरपूर असतात : ठणका, कळ, चमक, रग, आग, मुरडा. जर्मन आजोबा म्हणणार ‘श्टेशेंट’, म्हणजे भोसकल्यासारखं. ‘डुम्फ’, म्हणजे मंद, बोथट. ‘त्सीएंट’, ओढ लागल्यासारखं. ‘ब्रेनेंट’, आग होतेय. यातला कोणता शब्द आपल्या कळेशी जुळतो आणि कोणता चमकेशी, यावर दोघी वाद घालू देत. छातीतलं भोसकणं आणि छातीतली आग यांत डॉक्टरला बोलावण्याच्या घाईचा फरक पडू शकतो, तेव्हा तो वाद वर्गातला राहत नाही. मग तक्ता आणि चिठ्ठी शेजारी ठेवायची. जिथे जुळलं नाही तिथे काय विचारायला हवं होतं? तो प्रश्न आता फळ्यावर घ्या, त्यातली विभक्ती समजावा. ऐकायला सगळे कान तयार असतील. आणि आजोबांना ‘डू’ म्हणायचं नाही, ‘झी’ म्हणायचं. आपण अनोळखी म्हाताऱ्या माणसाला अरे-तुरे करतो का? हे मराठी मुलीला एका वाक्यात कळतं, फक्त कोणीतरी सांगायला हवं.

दिवाळीनंतर इच्छापोरच्या बांधकामावर माणसं पुन्हा येतात. आपला गडी आता जुना झाला आहे. हिंगोलीकडचा एक पोरगा नवा आहे. गवंडी वरून हाक मारतो, ‘‘ईंट लाव!’’ पोरगा विटा उचलतो आणि भिंतीकडे वळतो. गडी खाली घमेलं भरत असतो. तो काही बोलत नाही. उठतो, पोराला खांद्याला धरून मचाणाच्या शिडीकडे फिरवतो, आणि वर वाकलेल्या गवंड्याच्या हाताकडे बोट दाखवतो.